संगणकाच्या पेटीवरील मिटलेल्या खिडक्या

गेल्या दिवाळीच्या आधीं घरांत झाडलोट चालली असतां माळ्यावरची एक जुनी संगणकाची पेटी खालीं उतरविण्यांत आली. ही पेटी आम्हीं २००१ सालीं घेतली होती. सात-आठ वर्षें तिनें आमचें काम इमानानें केलें, आणि तिच्या जागीं दुसरें यंत्र आल्यावर ती माळ्यावर जुन्या पितळी भांड्यांच्या शेजारीं जाऊन बसली. भंगारवाल्यास बोलावण्याची सिद्धता झालीच होती. परंतु आमची पुतणी, जी सध्यां अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे, ती ओल्या फडक्यानें पेटी पुसतां पुसतां थांबली आणि म्हणाली, "काका, हिला इतकीं भोंकें कशाला ठेवलीं आहेत? आणि त्यांतलीं निम्मीं तर बुजवलेलींच आहेत!"

आम्हीं चष्मा लावून मोजणी केली. दर्शनी बाजूस सव्वापांच इंची म्हणून ओळखले जाणारे तीन मोठे कप्पे. एकांत सीडीचा ड्राइव्ह, उरलेल्या दोहोंवर प्लास्टिकच्या झडपा. त्यांच्या खालीं साडेतीन इंची दोन कप्पे. एकांत फ्लॉपीचा ड्राइव्ह, दुसरा बंद. पाठीमागें एकाखालीं एक अशा सात अरुंद फटी. सहांवर पत्र्याच्या पट्ट्या, सातवी उघडी. त्यांच्या वर पंधरा भोंकांची एक खोबण, जिच्यांत आमच्या घरीं कधीं कांहींहि खुपसलें गेलें नाहीं. वीजपुरवठ्याच्या डब्यावर एक तांबडी सरकपट्टी. कडेला कुलूप अडकविण्याजोगी पत्र्याची कडी, जिला कुलूप कधीं लागलें नाहीं.

"कारखानदाराची सोय," असें आम्हीं पुतणीला सांगितलें. तें सर्वस्वीं चूक नव्हतें, परंतु तें उत्तरहि नव्हतें, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिलाहि तें कळलेलें दिसलें. त्या दिवशीं भंगारवाल्यास निरोप गेला नाहीं. पुढचे कांहीं दिवस आम्हीं या भोंकांचा पूर्वेतिहास आठवण्यांत व जुळविण्यांत घालविले, आणि तो जुळवीत गेलों तसतसें आमच्या लक्षांत आलें कीं, हा सारा इतिहास एका भांडणाचा आहे. यंत्र विकून झाल्यावर त्याचें पुढें काय व्हावें हें कोणी ठरवावयाचें, करणाऱ्यानें कीं घेणाऱ्यानें, हें तें भांडण.

त्याची पहिली ठळक चकमक १९७७ सालची. कॅलिफोर्नियांतील ॲपल कंपनीनें त्या वर्षीं 'ॲपल टू' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याचा रचनाकार स्टीव्ह वॉझ्निॲक याला आंत आठ स्लॉट हवे होते; म्हणजे ज्यांत निरनिराळीं कार्डें बसवून यंत्राला नवें काम शिकवितां येईल अशा आठ जागा. त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्स याचें म्हणणें असें कीं, दोन पुरेत, एक छापण्याच्या यंत्रासाठीं व एक टेलिफोनवरून बोलणाऱ्या मॉडेमसाठीं. सामान्य माणूस याहून अधिक काय जोडणार? वॉझ्निॲकनें ऐकलें नाहीं, आणि आठ स्लॉट राहिले. विकतेवेळीं ते बहुधा रिकामेच असत. परंतु पुढच्याच वर्षीं फ्लॉपी ड्राइव्हचें कार्ड त्यांतल्या एकांत बसलें. १९८० सालीं तर मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक असें कार्ड काढलें कीं, ज्यावर दुसऱ्याच जातीचा प्रोसेसर होता. तें बसविलें म्हणजे ॲपलच्या पेटींत परक्या घराण्याचे कार्यक्रम चालूं लागत. हा उपयोग १९७७ सालीं वॉझ्निॲकच्याहि स्वप्नांत असण्याचें कारण नव्हतें. जागा मात्र त्यानें ठेविली होती.

जॉब्सला आपलें मत सोडवलें नाहीं. १९८४ सालच्या मॅकिंटॉशमध्यें त्याचें चाललें, आणि त्या पेटींत स्लॉट एकहि ठेवण्यांत आला नाहीं. पेटीचे स्क्रू खोल बसविलेले असून ते काढण्यास नेहमींच्या पेचकसाचा उपयोग नसे, त्यासाठीं निराळ्या टोंकाचें लांब हत्यार लागे. यंत्र सुंदर होतें यांत शंका नाहीं. तथापि तीन वर्षांनीं, १९८७ सालीं, त्याच कंपनीला 'मॅकिंटॉश टू' काढावा लागला आणि त्यांत सहा स्लॉट होते.

आमच्या घरच्या पेटीचें कुळ मात्र ॲपलचें नव्हे. तें शोधावयाचें तर १९८१ च्या ऑगस्टच्या १२ तारखेकडे जावें लागतें. त्या दिवशीं आय. बी. एम. कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. या कंपनीचा लौकिक मोठाल्या यंत्रांचा, आणि त्यांना हात लावावयाचा तो कंपनीच्या माणसानें, असा शिरस्ता. परंतु हें लहान यंत्र फ्लॉरिडा प्रांतांतील बोका रॅटन येथें, डॉन एस्ट्रिज याच्या हाताखालच्या एका छोट्या तुकडीनें सुमारें वर्षभरांत उभें केलें. वेळ थोडा म्हणून त्यांनीं बहुतेक भाग बाहेरून घेतले, आणि घाईच्या कामांत पुढचें सर्व कांहीं आपणच पुरवूं असा आग्रह धरण्यास सवड नव्हती. म्हणून आंत पांच स्लॉट ठेविले. त्यांतील एक पडद्याच्या कार्डानें व एक फ्लॉपीच्या कार्डानें लगेच भरे. खरे मोकळे तीन.

या पहिल्या पेटीवरचीं रिकामीं भोंकें मोठीं मौजेचीं आहेत. सर्वांत स्वस्त प्रकार १,५६५ डॉलरांचा. त्यांत मेमरी १६ किलोबाइट, आणि फ्लॉपी ड्राइव्ह मुळींच नाहीं. दर्शनी बाजूला दोन कप्पे होते खरे, पण त्यांवर झडपा. हें यंत्र घरच्या टेलिव्हिजनला व गाणीं ऐकण्याच्या साध्या कॅसेट-यंत्राला जोडावें, अशी कल्पना होती. त्यासाठीं मागल्या बाजूस कीबोर्डच्या गोल भोंकाशेजारीं अगदीं तसलेंच दुसरें गोल भोंक कॅसेटसाठीं ठेविलें होतें. परंतु जो तो फ्लॉपी घेऊं लागला, आणि कॅसेटचें भोंक जवळजवळ जन्मतःच विधवा झालें. १९८३ सालीं 'एक्स-टी' हें पुढचें यंत्र निघालें त्यांतून तें काढून टाकण्यांत आलें. गंमत अशी कीं, कॅसेटसाठीं लिहिलेली बेसिक भाषा मात्र आय. बी. एम.च्या यंत्रांच्या कायम स्मृतींत पुढें कित्येक वर्षें तशीच राहिली. एखाद्या वाड्याचें मागलें दार चिणून टाकावें आणि त्याकडे जाणारा जिना आंत तसाच ठेवावा, त्यांतला हा प्रकार.

त्याच एक्स-टींत स्लॉट पांचांचे आठ झाले, आणि ते एकमेकांच्या अधिक जवळ आणले गेले. दोन फटींमधील जें अंतर पुढें रूढ झालें, म्हणजे एका इंचाचे आठ दशांश, तेंच आजहि चालूं आहे. आंतील स्लॉटाची जात तीन-चार वेळां बदलली, १९९२ चा पीसीआय आला, त्यानंतर एजीपी आला, २००३ च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस आला. पण पाठीमागची ती पट्टी व तिचा एक स्क्रू हे तसेच राहिले. मधल्या काळांत तर एकाच फटीमागें जुना व नवा असे दोन स्लॉट लागून बसवीत. दोन्ही जातींच्या कार्डांवरील भाग उलट बाजूंना असल्यामुळें त्या फटींतून कोणतेंहि एक कार्ड बाहेर डोकावूं शके. दोन्ही मात्र एका वेळीं नाहीं. दोन बिऱ्हाडांना एक दरवाजा असावा आणि त्यांनीं पाळीपाळीनें राहावें, तशी ही व्यवस्था होती.

आय. बी. एम.नें आणखी एक गोष्ट केली, जिचा पुढें तिला पश्चात्ताप झाला असावा. यंत्राबरोबर तिनें एक तांत्रिक पुस्तक विकावयास ठेविलें, आणि त्यांत विद्युन्मंडलांचे नकाशे व मूळ कार्यक्रमाची संपूर्ण यादी छापून टाकली. कार्ड करणाऱ्यांस आणखी काय हवें? वर्ष-दीड वर्षांत मेमरीचीं, घड्याळाचीं, चित्रांचीं कार्डें परक्या कारखान्यांतून येऊं लागलीं. १९८२ साल संपण्यापूर्वीं कार्डेंच काय, सबंध यंत्राच्या प्रतिकृति जाहीर झाल्या. त्यांतील काँपॅक कंपनीची विशेष गाजली. १९८७ सालीं आय. बी. एम.नें 'पीएस-टू' ही नवी मालिका काढून स्लॉटाची जातच बदलली. जुनें कार्ड त्यांत बसेना, आणि नव्या रचनेचा उपयोग करावयाचा तर परवाना घ्यावा व कर भरावा, असा हिशेब होता. उघडी ठेवलेली खिडकी परत ओढून घेण्याचाच तो प्रयत्न होता. तो साधला नाहीं. १९८८ च्या सप्टेंबरांत नऊ कारखानदारांनीं एकत्र येऊन दुसरा स्लॉट जाहीर केला. तो दुमजली होता. जुनें कार्ड वरच्या मजल्यावर थांबे, नवें खालपर्यंत उतरे. ग्राहकाच्या पदरीं असलेलें जुनें कार्ड फुकट जाऊं नये, एवढ्यासाठीं ही खटपट. पीएस-टूच्या मालिकेची एक आठवण जगांत राहिली ती अशी कीं, जांभळ्या व हिरव्या रंगाच्या ज्या दोन गोल भोंकांत आपण कीबोर्ड व माऊस खुपसीत आलों, त्यांना तिचें नांव चिकटलें.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या भांडणाचा निकाल काय लागला हें निराळें सांगावयास नको. कॅबिनेट एका दुकानचें, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानचा, मेमरी तिसरीकडची. आणि संध्याकाळपर्यंत एखादा विशीचा मुलगा तें सारें टेबलावर जोडून, चालवून दाखवी. मध्यमवर्गीय घरांत आलेला पहिला संगणक पुष्कळदा असाच 'असेंबल्ड' असे. बोका रॅटनच्या घाईंत राहिलेल्या त्या पांच फटी नसत्या तर आमच्या पगारांत तो आला असता कीं नाहीं, याची आम्हांला शंका आहे.

दर्शनी कप्प्यांचें मूळ याहूनहि जुनें. १९७६ सालीं शुगार्ट असोशिएट्स या कंपनीनें सव्वापांच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह काढला. सव्वापांच इंच हें माप तबकडीचें. ड्राइव्हची रुंदी पावणेसहा इंच व उंची सव्वातीन. पुढें ड्राइव्ह निम्म्या उंचीचे होऊं लागले आणि तीच उंची कप्प्याचें प्रमाण ठरली. ती फ्लॉपी केव्हांच गेली, परंतु सीडीची तबकडी बारा सेंटिमीटरांची असल्यामुळें तिचा ड्राइव्ह या कप्प्यांत आरामांत बसे, आणि अशा रीतीनें एकाचें ओस पडलेलें घर दुसऱ्यास मिळालें. साडेतीन इंची कप्प्यास असा वारस सहसा लाभला नाहीं. १९९८ सालीं ॲपलनें आपल्या आयमॅकमधून फ्लॉपी वगळली तेव्हां लोकांनीं नाकें मुरडलीं. २०१० सालीं सोनी कंपनीनें जपानांतील फ्लॉपीची विक्री थांबविण्याचें जाहीर केलें तेव्हां फारसें कोणी वळूनहि पाहिलें नाहीं. आमच्या पेटींतील दोन मोठे कप्पे मात्र शेवटपर्यंत झडपांआडच राहिले. दुकानदारानें घेतेवेळीं सांगितलें होतें, "पुढें लागतील." पुढें लागले नाहींत. त्याबद्दल त्याला खोटें पाडण्याची आमची इच्छा नाहीं.

कांहीं भोंकें व बटनें तर निव्वळ वंशपरंपरेनें आलेलीं असत. १९८४ च्या 'एटी' यंत्रावर पुढच्या बाजूस गोल किल्लीचें कुलूप होतें. कुलूप लावलें म्हणजे पेटी उघडत नसे आणि कीबोर्डहि मुका होई. नकला करणाऱ्यांनीं कुलूपहि उचललें. त्याहून गमतीचें तें 'टर्बो' नांवाचें बटन. मूळ आय. बी. एम. यंत्राचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगानें चाले, आणि कित्येक कार्यक्रमांनीं, विशेषतः खेळांनीं, त्या वेगालाच काळाचें माप मानलें होतें. नवीं यंत्रें अधिक वेगवान् झालीं तेव्हां ते खेळ इतके सुसाट धांवूं लागले कीं, खेळणाऱ्यास बोट हलविण्यास अवकाश मिळेना. म्हणून यंत्र जुन्या वेगावर आणण्याची सोय एका बटनांत ठेविली. नांव टर्बो, आणि खरें काम मंदावण्याचें! शेजारीं वेगाचा आंकडा दाखविणारे दिवे असत. हे दिवे वेग मोजीत नसत; मागच्या बारीक पिना दुकानदार जशा जुळवी तसा आंकडा त्यांवर उमटे. बटनाची गरज सरल्यावरहि सांचे तेच असल्यामुळें तें पेट्यांवर येतच राहिलें, आणि कित्येकदा त्याची तार आंत कोठेंच जोडलेली नसे. आमच्या एका स्नेह्यांनीं असलें बटन कित्येक वर्षें रोज सकाळीं श्रद्धेनें दाबलें, हें आम्हांला ठाऊक आहे.

पंधरा भोंकांच्या खोबणीचा उलगडा पुतणीनेंच केला. ती खेळाच्या दांडीची, म्हणजे जॉयस्टिकची. आय. बी. एम.नें १९८१ सालींच तिच्यासाठीं निराळें कार्ड ठेविलें होतें. तिची युक्ति साधी पण सुरेख आहे. दांडी कलली म्हणजे तिच्यांतील विद्युत्-रोध बदलतो. यंत्र एक छोटा साठा भरण्यास लावितें आणि तो भरावयास किती वेळ लागला हें मोजून दांडी कोठवर कलली हें ओळखतें. पुढें याच खोबणींतून वाद्यें जोडण्याचीहि सोय झाली. आमच्या घरीं खेळहि नव्हता व वाद्यहि नव्हतें. तांबडी सरकपट्टी ११५ व २३० व्होल्टांमधली निवड करी. एकच डबा अमेरिकेंतहि खपावा आणि आपल्याकडेहि, एवढाच तिचा हेतु. आपल्याकडे ती चुकून ११५ वर सरकली तर आवाज, वास आणि खर्च हीं तिन्ही एका क्षणांत होत.

आतां मुलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. न लागणारी जागा बुजवावयाची कशाला? उघडी राहिली तर काय बिघडतें? येथें आम्हांला आमच्याच घरची एक फजिती सांगितली पाहिजे.

१९९५ च्या ऑगस्टच्या १५ तारखेस विदेश संचार निगमनें आपल्या देशांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. पुढें तें आमच्या घरीं आलें तें या पेटीच्या पाठीमागच्या एका फटींतून, मॉडेमच्या कार्डाच्या रूपानें. कांहीं वर्षांनीं दुसरी सोय झाली व मॉडेम काढून टाकलें. स्वस्त पेट्यांत या पट्ट्या स्क्रूनें बसविलेल्या नसतात. कारखान्यांत पत्रा सभोंवार कापून पट्टी दोन बारीक सांध्यांवर लोंबती ठेवितात. लागेल तेव्हां ती मागेंपुढें वांकवून तोडावयाची. एकदां तुटली कीं तुटली. आमची पट्टी पूर्वींच कचऱ्यांत गेली होती, आणि कार्ड काढणाऱ्या कारागिरानें फट तशीच सोडली. आम्हींहि म्हटलें, असूं द्या, वारा लागेल. दोन-तीन महिन्यांनीं यंत्र आपोआप बंद पडूं लागलें. उघडून पाहतों तों आंत उंदरानें रद्दीचें घरटें केलेलें, आणि एक तार कुरतडलेली! बोटभर रुंदीची फट माणसाला फट वाटते, उंदराला तो दिंडी-दरवाजा असतो.

उंदीर नसता तरी वाऱ्याबद्दलचें आमचें अनुमान चुकीचेंच होतें. पेटींतील पंखा मागच्या बाजूनें हवा बाहेर टाकतो, तेव्हां तिच्या जागीं हवा कोठून तरी आंत येणारच. ती पुढच्या खालच्या जाळींतून यावी, डिस्क व बोर्ड यांवरून वाहत जावी आणि तापून मागें निघावी, अशी मूळ योजना. परंतु हवा सोपी वाट धरते. मागें पंख्याजवळच मोठी फट सांपडली तर ती तेथूनच शिरते, तेथूनच निघते, आणि पुढचे भाग कोंडलेल्या उष्म्यांत राहतात. खोलीचीं सर्व दारें उघडलीं म्हणजे माजघरांत वारा येतोच असें नाहीं, हें जुन्या वाड्यांत राहिलेल्यांस सांगावयास नको.

तिसरें कारण अदृश्य आहे आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें तेंच. संगणकाचें प्रत्येक मंडल दर सेकंदास कोट्यवधि वेळां चालूं-बंद होतें, आणि अशी प्रत्येक हालचाल थोडीशी रेडिओ-लहर बाहेर टाकते. १९७० नंतरच्या दशकांत घरोघर संगणक आले तेव्हां शेजाऱ्यांच्या रेडिओंत व टेलिव्हिजनमध्यें खरखर होऊं लागली. १९७९ सालीं अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें याबद्दल नियम केले, आणि घरांत वापरावयाच्या यंत्रांना ते अधिक कडक लावले. टँडी कंपनीचें 'टीआरएस-८०' हें अतिशय खपाचें पहिलें यंत्र या नियमांत बसेना, आणि १९८१ च्या आरंभीं तें अमेरिकेंत बंद करावें लागलें. तेव्हांपासून पेटी हा निव्वळ डबा राहिला नाहीं. लहरी कोंडून धरणारी ती एक भिंत झाली. ॲपलच्या १९८३ च्या 'टू-ई' यंत्राला म्हणूनच पाठीमागें धातूचा पत्रा आला, आणि त्यांत निरनिराळ्या आकारांचीं, न लागल्यास बुजवावयाचीं छिद्रें आलीं.

या भिंतीचा एक नियम विलक्षण आहे. छिद्रांतून लहर किती गळते हें त्याच्या क्षेत्रफळापेक्षां त्याच्या लांबीवर अधिक अवलंबून असतें. फटीची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्म्याइतकी झाली कीं, ती फट स्वतःच एरियल बनून लहर बाहेर फेंकूं लागते, मग ती केंसाएवढी अरुंद कां असेना! आमच्या २००१ च्या प्रोसेसरचे ठोके सेकंदास सुमारें शंभर कोटी. तेवढ्या वेगाच्या लहरीची लांबी तीस सेंटिमीटर भरते, आणि तिची निम्मी पंधरा. पाठीमागची फट अकरा-बारा सेंटिमीटरांची. उपद्रव होण्यास एवढें जवळचें माप पुष्कळ झालें. उलट वाऱ्यासाठीं पेटीस जीं शेंकडों बारीक गोल किंवा षट्कोनी भोंकें पाडलेलीं असतात, त्यांच्यांतून हवा मनसोक्त जाते आणि लहर अडते. झडपांच्या आंतल्या बाजूस पुष्कळदा आणखी एक पत्रा असतो, तो याचसाठीं; तो काढतांना हात कापून घेऊन कारखानदारास शिव्या देणाऱ्यांत आम्हीहि एके काळीं होतों.

असो. राहतां राहिली सात या आंकड्याची गोष्ट. इंटेल कंपनीनें १९९५ सालीं 'एटीएक्स' नांवाचें प्रमाण ठरविलें. त्यांत बोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूंच्या जागा, मागच्या फटी सात, आणि त्यांच्यावर सव्वासहा इंच रुंद व पावणेदोन इंच उंच असें एक मोठें चौकोनी भोंक, एवढें नेमून दिलें. त्या चौकोनांत कोणतीं भोंकें असावींत हें मात्र मोकळें ठेविलें. प्रत्येक बोर्डाबरोबर त्याच्या त्याच्या छिद्रांचा पातळ पत्रा येतो, तो त्या चौकोनांत दाबून बसवावयाचा. पुढें काय येईल तें आपणांस ठाऊक नाहीं, एवढें मान्य करून केलेली योजना आम्हीं क्वचितच पाहिली आहे. १९९७ सालीं याच प्रमाणाची एक आंखूड आवृत्ति निघाली, 'मायक्रो-एटीएक्स'; तिला स्लॉट फार तर चार. ती स्वस्त असल्यामुळें आपल्याकडे तिचाच प्रसार झाला, आणि पेट्या मात्र बहुधा सात फटींच्याच राहिल्या. आमच्या पेटींतील बोर्ड असाच आंखूड होता. म्हणजे खालच्या तीन पट्ट्यांच्या मागें पहिल्या दिवसापासून कांहींच नव्हतें. खिडकी आहे, पण तिच्यामागें खोलीच नाहीं.

अलीकडे बाजारांत येणाऱ्या कित्येक लहान यंत्रांना व लॅपटॉपना असल्या फटी नसतात, मेमरीसुद्धां बोर्डावरच डाखून टाकलेली असते. यंत्र हलकें होतें, दिसतें छान, उंदीर शिरत नाहीं. मेमरी कमी पडली म्हणजे तें सबंध यंत्रच जुनें होतें. जॉब्सचें १९७७ चें म्हणणें अशा रीतीनें उशिरां कां होईना खरें ठरलें, असें कोणी म्हणेल. आम्हांला तें पटत नाहीं. दोन स्लॉट तरी तो द्यावयास तयार होता.

हें सर्व पुतणीला सांगून झाल्यावर तिनें पेटी आपल्याकडे मागितली. भंगाराचे जे कांहीं रुपये आले असते त्यांची आम्हांला आशा नव्हती, पण तिच्या आशेबद्दलहि आम्ही साशंकच होतों. तिनें जुना बोर्ड काढला, आणि साठविलेल्या पैशांतून एक नवा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणला. चोवीस वर्षांच्या अंतरानें आलेल्या त्या बोर्डाचीं भोंकें जुन्या पेटींतील पितळी खुंट्यांवर बिनचूक येऊन बसलीं. एक खुंटी तेवढी जास्त होती. ती बोर्डाच्या पाठीस टेकून घात करती, म्हणून आधींच काढून घेतली. वीजपुरवठ्याचा डबा नवा घ्यावा लागला, तोहि जुन्याच चार स्क्रूंवर बसला. मागच्या चौकोनांतला पत्रा, जांभळ्या-हिरव्या भोंकांसकट व त्या पंधरा भोंकांच्या खोबणीसकट, तिनें अंगठ्यानें दाबून बाहेर काढला आणि नवा दाबून बसविला. सव्वापांच इंची एका कप्प्याची झडप काढून तेथें जाळी लावून मागें पंखा ठेविला, कारण जुन्या पेटीस वारा कमी पडतो.

तुटलेल्या पट्टीसाठीं आम्ही दोघें तपकीर गल्लींत गेलों. एका दुकानदारानें खोक्यांतून जुन्या पट्ट्यांचा ढीग काढून समोर ओतला आणि म्हणाला, "घ्या हवी ती, सगळ्या सारख्याच." खरोखरच सगळ्या सारख्याच होत्या. त्यांतली एक उंदराच्या फटीवर बसली व स्क्रूनें आवळली गेली. बाकीच्या सहा अजून जागच्या जागीं आहेत.